बाल्डर्स गेट एन्हान्स्ड एडिशन पहिल्यांदाच लावून राहिलात? मग हे आधी वाचा

बाल्डर्स गेट ३ संपवलेले बरेच पोट्टे आता मागं जाऊन पहिला भाग लावून राहिले, आणि तासाभरात वैतागून विचारून राहिले. प्रश्न जवळपास तेच ते असतात. "दादा, माझा कॅरेक्टर एका फटक्यात मरून राहिला", "आर्मर क्लास वाढला पाहिजे की कमी झाला पाहिजे", "तलवार हातातच कशी तुटली", "त्या सराईच्या पायऱ्यांवरचा जादूगार मारायचा कसा". प्रत्येकाला वेगवेगळं सांगण्यापेक्षा एकदा नीट क्रमानं लिहून टाकतो. हा गेम मला फार जवळचा आहे, आणि नवीन माणूस पहिल्या दोन लेव्हलला कंटाळून सोडून देतो तेव्हा खरंच वाईट वाटतं, कारण मजा त्याच्या थोडीच पुढं असते. गोष्टीतले मोठे धक्के मी फोडणार नाही, नॅशकेलच्या खाणीपर्यंत नेऊन सोडतो.

आधी हा गेम नक्की कोणता ते

मूळ बाल्डर्स गेट बायोवेअरनं बनवला, डिसेंबर १९९८ मध्ये आला, पाच सीडींवर. दुसरा भाग २००० मध्ये. मग बीमडॉगनं २०१२ च्या नोव्हेंबरात पहिला भाग नव्यानं काढला, तोच हा एन्हान्स्ड एडिशन. टेल्स ऑफ द स्वोर्ड कोस्ट नावाचं जुनं एक्स्पान्शन यातच येतं, वेगळं घ्यायचं नाही. सीज ऑफ ड्रॅगनस्पिअर मात्र वेगळं विकत मिळतं, ते २०१६ चं, आणि त्याची गोष्ट पहिल्या आणि दुसऱ्या भागाच्या मधली आहे, म्हणून आत्ताच घ्यायची घाई करू नका. सेल लागतो तेव्हा हे सगळे भाग बरेच स्वस्तात मिळतात, विशलिस्टमध्ये टाकून ठेवा.

मशीनची काळजी सोडा. कॉलेजसाठी घेतलेला साधा लॅपटॉप, वेगळं ग्राफिक कार्ड नसलेला, त्यावर आरामात चालतो. नागपूरच्या बर्डीवर जाऊन नवीन कार्डाचे भाव विचारायची काहीच गरज नाही. अँड्रॉइड आणि आयपॅडवरही आहे, पण फोनच्या स्क्रीनवर अक्षरं बारीक दिसतात आणि बोट भलतीकडंच लागतं, टॅबलेट असेल तरच तो विचार करा. आणि मे महिन्यात दुपारी बारा ते पाच आपल्याकडं घराबाहेर निघायची सोय नसते, तेव्हा असा सावकाश, वाचत वाचत खेळायचा गेम हाताशी असला की दुपार कशी गेली कळत नाही.

बाल्डर्स गेट ३ मधून आलेल्यांनी एक गोष्ट आधीच मनात बसवून घ्यायची. तो गेम डंजन्स अँड ड्रॅगन्स या कागद-फाशांवर खेळायच्या गेमच्या पाचव्या आवृत्तीच्या नियमांवर आहे, हा दुसऱ्या आवृत्तीच्या. तिथं आळीपाळीनं चाल असते, इथं सगळे एकाच वेळी हलतात आणि तुम्ही स्पेसबार दाबून जग थांबवता, हुकूम देता, पुन्हा चालू करता. तिथले साथीदार जहीरा आणि मिन्स्क हे दोघं मूळचे इथले, त्या गोष्टीच्या शंभराहून जास्त वर्षं आधीचे.

सेटिंग, खेळायला बसायच्या आधी

हे कोणी करत नाही आणि मग डोळे दुखतात म्हणतात. ऑप्शन्समध्ये जाऊन अक्षरांचा आकार वाढवा, ग्राफिक्समध्ये यूझर इंटरफेस स्केल करायचा पर्याय आहे तो लावून बघा, आणि माऊसचं चाक फिरवून झूम होतं हे लक्षात ठेवा. टॅब दाबून धरलं की पेट्या, कपाटं, दारं उजळतात. पहिल्या दिवसापासून ही सवय लावा नाहीतर अर्धा माल मागं राहतो.

मग ऑटो-पॉज. शत्रू दिसला की थांब, सापळा सापडला की थांब, हत्यार निकामी झालं की थांब, कॅरेक्टर जखमी झाला की थांब, हे चार नक्की चालू करा. बाकीचे आवडीप्रमाणं. राऊंड, म्हणजे लढाईची एक फेरी, संपला की थांब हा पर्याय सुरुवातीला काही जणांना बरा वाटतो कारण त्यानं लढाई जवळजवळ आळीपाळीची होते, पण नंतर तोच कंटाळवाणा होतो.

पार्टीचं, म्हणजे तुमच्या टोळीचं, एआय नावाचं बटण असतं, ते चालू असलं की जादूगार स्वतःच्या मनानं मंत्र फेकून मोकळे होतात. दिवसाला एकच मंत्र असतो तेव्हा तो एखाद्या उंदरावर वाया जायला नको, म्हणून जादूगारांचं तरी बंदच ठेवा.

डिफिकल्टी नॉर्मल ठेवा. लोक इथं उगाच इभ्रतीचा प्रश्न करतात. नॉर्मलवर लेव्हल वाढली की त्या क्लासला, म्हणजे कॅरेक्टरच्या पेशाला, मिळू शकतील तेवढे सगळे हिट पॉइंट, म्हणजे मार सोसायची ताकद, मिळतात, कोअर रूल्स या त्याच्या वरच्या पातळीवर तिथंही फासा पडतो आणि वाईट पडला तर तुमचा फायटर कायमचा कमजोर राहतो. नुसती गोष्ट बघायची असेल तर स्टोरी मोड आहे, त्यात मुख्य कॅरेक्टर मरतच नाही, आणि तो निवडण्यात काही वावगं नाही.

सेव्ह. क्यू दाबला की क्विक सेव्ह. पण एकाच क्विक सेव्हच्या भरवशावर राहू नका, दर मोठ्या ठिकाणी वेगळ्या नावानं सेव्ह ठेवा. डेस्कटॉपवर खेळणाऱ्यांनी तर जास्तच, उन्हाळ्यात लाईट कधी जाईल सांगता येत नाही. एका जागेतून दुसऱ्या जागेत जाताना गेम स्वतः ऑटोसेव्ह करतो, पण मधला तासभर गेला की गेलाच.

कॅरेक्टर कोणता बनवायचा

पहिल्या खेपेला फायटर, पॅलाडिन म्हणजे धर्मयोद्धा, किंवा आर्चर म्हणजे धनुर्धर जातीचा रेंजर. मला विचाराल तर आर्चर, कारण या पहिल्या भागात धनुष्याइतकं उपयोगी काही नाही, साधं लाँगबो सुद्धा एका राऊंडमध्ये दोन बाण सोडतं तेव्हा तलवारवाला एकच वार करत असतो. जादूगार करू नका असं नाही, पण पहिल्या लेव्हलचा जादूगार म्हणजे चार हिट पॉइंट, प्रकृती चांगली असली तर सहा, आणि दिवसाला एक मंत्र. गोष्ट तुमच्या मुख्य कॅरेक्टरची आहे, तो मेला की गेम ओव्हर, बाकी कोणी मेलं तर देवळात पैसे देऊन परत उठवता येतं. म्हणून मुख्य माणूस थोडा दणकट असलेला बरा.

आकडे टाकायच्या स्क्रीनवर रीरोल बटण आहे, ते दाबत राहायचं, एकूण बेरीज चांगली आली की स्टोअर दाबून ठेवून द्यायची आणि आणखी प्रयत्न करायचा, वाईट आली तर रिकॉलनं जुनी परत येते. यात लबाडी काही नाही, गेमनंच दिलेली सोय आहे. मिळालेले पॉइंट एकीकडून काढून दुसरीकडं टाकता येतात. चपळाई म्हणजे डेक्स्टेरिटी १८ ठेवा, कोणताही क्लास असो, त्यानं आर्मर क्लास, म्हणजे वार चुकवायचा आकडा, चारानं सुधारतो. कॉन्स्टिट्यूशन म्हणजे प्रकृती फायटर, रेंजर, पॅलाडिनला १८ पर्यंत कामाचं आहे, बाकीच्यांना १६ च्या वर हिट पॉइंटचा फायदा वाढत नाही. फायटर घराण्याला ताकद १८ ठेवली की पुढं आणखी एक आकडा पडतो, १८/७० वगैरे, तो जितका मोठा तितकं बरं. करिष्मा साफ खाली टाकू नका, दुकानातले भाव आणि लोकांचं वागणं पार्टीच्या सगळ्यात वर असलेल्या माणसाच्या करिष्म्यावर ठरतं, आणि बऱ्याच ठिकाणी वर तुम्हीच असता.

हत्यारांचे प्रोफिशियन्सी पॉइंट टाकताना लाँगबो आणि शॉर्टबो वेगवेगळे धरले जातात हे बघून टाका.

थॅको आणि आर्मर क्लास

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. दोन्ही आकडे जितके कमी तितके चांगले. उघड्या अंगाच्या माणसाचा आर्मर क्लास १०, चिलखत चढवलं की ५, आणखी चांगलं असलं की ०, मग उणे २, उणे ५. म्हणजे खाली जाणं हीच प्रगती.

थॅको हा मारणाऱ्याचा आकडा. हिशेब असा की तुमच्या थॅकोमधून समोरच्याचा आर्मर क्लास वजा करा, जे उरेल तेवढं किंवा त्याहून जास्त वीस बाजूंच्या फाशावर पडलं तर वार लागला. तुमचा थॅको १८ आणि समोरच्याचा आर्मर क्लास ५, तर १३ किंवा वर पाहिजे. समोरच्याचा उणे २ असेल तर वजा उणे म्हणजे बेरीज, १८ अधिक २ म्हणजे २०, थोडक्यात वीसच पडला तर लागेल. आता तुमच्या लक्षात येईल की सुरुवातीला सगळे नुसते हवेत का मारत राहतात. पहिल्या लेव्हलला सगळ्यांचा थॅको २०. फायटरचा दर लेव्हलला एकानं सुधारतो, जादूगाराचा तीन लेव्हलला एकानं. म्हणून सुरुवातीची भांडणं बरीचशी फाशाची असतात, आणि तुम्ही ती आपल्या बाजूनं झुकवायची असतात, दुरून मारून, अनेकांनी मिळून एकाला मारून, आणि पलटून वार करायची संधी न देऊन.

फाशावर वीस पडला की क्रिटिकल हिट, दुप्पट मार. डोक्यावर हेल्मेट असलं की क्रिटिकल लागत नाही. पुढं उभं राहणाऱ्या प्रत्येकाला हेल्मेट आधी, बाकी सगळं नंतर.

कँडलकीप सोडायची घाई नको

गेम कँडलकीपच्या तटबंदीत सुरू होतो, आणि गोरायन, म्हणजे तुम्हाला वाढवणारा म्हातारा, तुम्हाला निघायला सांगतो. त्याच्याशी बोलून "तयार आहे" म्हटलं की निघालात, मग गोष्ट बरीच पुढं जाईपर्यंत परत येता येत नाही. तेव्हा आधी सगळं उरकून घ्या.

हिरव्या झग्यातले शिकवणारे जागोजागी उभे आहेत, त्यांच्याशी बोला, कंटाळा करू नका. ओबे नावाचा जादूगार तुम्हाला खोट्या साथीदारांची पार्टी देऊन लढाईचा सराव करवतो, पार्टी कशी हाकायची ते तिथंच कळतं, आणि ते खोटे साथीदार मेले तरी नुकसान नाही.

मग बारीकसारीक कामं. रीव्हरच्या कोठारातले उंदीर मारायचे. गेटवरच्या हलला त्याची तलवार आणून द्यायची, ती बराकीत त्याच्या पेटीत आहे आणि त्याच पेटीत विषावरचं औषध आहे, ते ड्रेपिनच्या आजारी गाईसाठी. फ्लिडियाचं हरवलेलं पुस्तक गाईंजवळच्या गवतात सापडतं. बराकीतल्या फुलरला विन्थ्रॉपच्या दुकानातून क्रॉसबोचे बोल्ट आणून द्यायचे. सराईतल्या फायरबीडला टेथटोरिलकडून एक स्क्रोल. प्रत्येकाचे थोडे पैसे, थोडा अनुभव, आणि पहिल्या लेव्हलला थोडंही खूप असतं.

दोन घरांत दोन माणसं तुम्हाला मारायला टपलेली आहेत. फार दणकट नाहीत, पण जादूगार असाल तर जपून, त्यांच्याशी जवळून भिडू नका, दारातून बाहेर या, गोफण किंवा डार्ट वापरा.

विन्थ्रॉपकडे खरेदी करताना सगळे पैसे महागड्या चिलखतात घालू नका. दुरून मारायचं हत्यार, भरपूर बाण किंवा गोफणीचे दगड, हेल्मेट. इतकं झालं की मग गोरायन.

रस्त्यावर, पहिला दिवस

रात्री काय होतं ते सांगत नाही. सकाळी इमोएन येऊन मिळते, तिला नक्की घ्या आणि शेवटपर्यंत सांभाळा. ती चोर आहे, सापळे शोधते, कुलपं उघडते, धनुष्य चांगलं चालवते. लढाईत तिला कायम मागच्या रांगेत ठेवायचं. तिच्या सामानात जादूची कांडी आहे, मॅजिक मिसाइल या जादूच्या बाणांची, ती चोर असूनही तिला चालवता येते.

थोडं पुढं झार आणि मॉन्टारॉन भेटतात, एक जादूगार एक फायटर-चोर, दोघंही वाईट वृत्तीचे. नवीन माणसाला माझा सल्ला, घ्या बरोबर. दोन जास्तीचे हात आत्ता फार कामाचे आहेत, नंतर सराईत भेटणाऱ्या खालिद-जहीराशी त्यांचं पटत नाही, तेव्हा कोणाला ठेवायचं ते ठरवता येतं.

इथून सगळ्यात मोठी चूक नवीन लोक करतात, नकाशावरचं प्रत्येक जंगल धुंडाळत सुटतात. नको. लांडगे, अस्वल, ओगर नावाचे राक्षस, कोणीही एका फटक्यात संपवतो. गोरायननं सांगितलंय फ्रेंडली आर्म इन या सराईला जा, तर तिथंच जा. वाटेतल्या चौरस्त्याच्या भागात एक ओगर दोन कंबरपट्टे घेऊन फिरतो, त्याला मारायचं असेल तर सगळ्यांच्या हातात धनुष्य-गोफण आणि कायम अंतर ठेवून, तो ज्याच्या मागं लागेल त्यानं पळत राहायचं आणि बाकीच्यांनी मारायचं. पट्टे मिळाले तरी अंगावर चढवू नका. निळसर दिसणारी वस्तू म्हणजे ओळख न पटलेली, आणि त्या दोनातला एक शापित आहे. दुसरा फ्रेंडली आर्म इनमधल्या अनशीचा, तिला परत दिला की बक्षीस.

ओळख पटवायला दुकानात १०० मोहरा लागतात, किंवा जादूगाराचा आयडेंटिफाय मंत्र, किंवा भरपूर लोअर, म्हणजे जुन्या वस्तूंची माहिती, असलेला माणूस. वस्तूवर उजवं क्लिक करून बघत जा, काही गोष्टी आपल्याच माणसांना ओळखता येतात.

पायऱ्यांवरचा टार्नेश

फ्रेंडली आर्म इनच्या दारासमोर पायऱ्यांवर टार्नेश नावाचा जादूगार येऊन नाव विचारतो, आणि लगेच मंत्र म्हणायला लागतो. इथं जितके पोट्टे गेम सोडतात तितके बाकी कुठंच नाही. आधी मिरर इमेज, म्हणजे त्याच्या अनेक प्रतिमा, मग हॉरर, तुमची माणसं घाबरून सैरावैरा पळतात, मग मॅजिक मिसाइल, आणि तुम्ही खाली.

या गेमचा एक नियम आहे, मंत्र म्हणत असताना मार बसला की मंत्र फुकट जातो. सगळी लढाई त्या नियमावर. पायऱ्या चढायच्या आधी सेव्ह करा, सगळ्यांच्या हातात दुरून मारायची हत्यारं द्या, माणसं पसरवून उभी करा. बोलणं संपताच स्पेसबार, सगळ्यांना त्याच्यावर सोडा, झार असेल तर त्यानं मॅजिक मिसाइल मारायचा, तो हमखास लागतो. बाण प्रतिमेला लागला तर ती एक प्रतिमा नाहीशी होते, म्हणून जितके जास्त वार तितकं बरं. आसपास पहारेकरी फिरत असतात, ते तुमच्या बाजूनं येतात, त्यामुळं मुख्य माणूस घाबरून पळायला लागला तरी लगेच लोड करू नका, बघा काय होतं. आणि जड वाटलं तर पायऱ्यांवरून खाली पळा, त्याला पहारेकऱ्यांकडं ओढून न्या. पळणं या गेममध्ये पूर्ण कायदेशीर चाल आहे, हे मी जितक्या वेळा सांगू तितकं कमी.

आत खालिद आणि जहीरा. खालिद फायटर, जहीरा फायटर-ड्रुइड म्हणजे मंत्रानं थोड्या जखमाही बऱ्या करते. दोघांना घ्या. एक प्रश्न नेहमी येतो, "जहीराला काढलं तर खालिदही गेला, हे काय?" जोड्या आहेत त्या. खालिद-जहीरा, झार-मॉन्टारॉन, मिन्स्क-डायनाहेर, एकाला काढलं की दुसराही जातो. आधी विचार करून घ्या.

पार्टी सहा जणांची होते. मारलेल्या शत्रूचा अनुभव हजर असलेल्यांत वाटला जातो, म्हणून माणसं कमी तर लेव्हल लवकर, पण पहिल्यांदा खेळताना सहाच ठेवा.

जादूगार खरंच कामाचा कसा होतो

पहिल्या लेव्हलला एकच मंत्र, मग तो स्लीप. दुसरं काहीच नको. कमी लेव्हलचे शत्रू झुंडीनं आले की दुरूनच स्लीप टाकायचा, पडले की एकेकाला संपवायचं, झोपलेल्यावरचा वार चुकत नाही. कोबोल्ड, गिबरलिंग, हॉबगॉब्लिन, डाकू, सगळ्यांवर चालतो. सांगाडे आणि बाकीचे मेलेले चालते-फिरते जीव यांच्यावर नाही, एल्फ लोकांवर बहुतेक नाही.

स्क्रोल मिळाला की जादूगाराच्या सामानातून उजवं क्लिक करून वहीत लिहून घ्यायचा, मग मंत्रांच्या पानावर तो निवडायचा, आणि मग झोप काढायची. निवडला पण झोपलो नाही, तर मंत्र येत नाही, हा घोळ बाल्डर्स गेट ३ वाल्यांचा सगळ्यांचा होतो. क्लेरिकला, म्हणजे पुजाऱ्याला, लिहावं लागत नाही, सगळे मंत्र आपोआप दिसतात, पण निवडणं आणि झोपणं त्यालाही आहे. सॉर्सररचं वेगळं, त्याला मोजकेच मंत्र येतात पण आधी निवडून ठेवायची भानगड नाही.

झोप जंगलात काढली की मध्येच शत्रू येऊ शकतात, सराईत सुखाची झोप. महाग खोली घेतली तर हिट पॉइंट जास्त भरतात, पण पैसे कमी असतात तेव्हा स्वस्त खोलीत एकापेक्षा जास्त रात्री काढलेल्याही चालतात. मुख्य गोष्टीला दिवसांची मुदत नाही. काही साथीदारांच्या कामांना मात्र आहे, ते पुढं सांगतो.

पोशन आणि कांड्या साठवून ठेवू नका. प्रत्येक जण शेवटच्या मोठ्या लढाईसाठी म्हणून जपतो आणि शेवटी पिशवी भरलेलीच राहते. अडलं की वापरा.

बेरेगॉस्ट

फ्रेंडली आर्मकडून दक्षिणेला बेरेगॉस्ट, मोठं गाव. नॅशकेलला थेट न जाता इथं थांबायचं, गावात बोलून-चालून बराच अनुभव मिळतो. फेल्डपोस्ट सराईत मार्ल नावाचा चिडलेला माणूस भांडायला येतो, त्याच्याशी तलवारीनं नाही, शांतपणे बोलून त्याचं दुःख ऐकून घेतलं की अनुभव मिळतो आणि कोणी मरतही नाही. हा प्रसंग मला फार आवडतो, इतका जुना गेम असून त्याला हे सुचलं. मिरियान नावाची बाई नवऱ्याची वाट बघतेय, त्याचं पत्र गावाच्या दक्षिणेकडच्या ओग्रिलॉन नावाच्या राक्षसाकडे सापडतं, ते आणून दिलं की संरक्षणाची अंगठी मिळते, सुरुवातीला याहून चांगली अंगठी नाही.

रेड शीफ सराईत कार्लाट नावाचा बुटका वाट बघत असतो, तुमच्या डोक्यावर इनाम लागलेलं आहे, आणि ते पुढंही भेटत राहणार. तो तगडा आहे, आत जायच्या आधी सेव्ह, आणि आत गेल्यावर अंतर. फ्रेंडली आर्म इनमधल्या लँड्रिनचं घर या गावात आहे, त्यातले कोळी काढायचं काम तिच्याकडून घेतलं असलं तरी करायला नंतर या, विषानं माणसं पटापट जातात. रस्त्यावर नीरा नावाची मुलगी मदत मागते, हो म्हणायच्या आधी लक्षात घ्या की तिच्या मागं जादूगार लागलेत आणि लढाई लगेच होते.

थंडरहॅमरच्या लोहारखान्यात चिलखतं आणि बाण, पश्चिमेला हाय हेजमध्ये थॅलँटिरकडे मंत्र. बोलणारी कोंबडी भेटली तर तिला मारू नका, तिला थॅलँटिरकडेच न्यायचं असतं.

लोकांच्या घरात घुसून पेट्या उघडताना कोणी बघत असेल तर पहारेकरी येतात. निरपराध माणूस मारला की रिपुटेशन, म्हणजे लोकांतलं तुमचं नाव, धाडकन पडतं. रिपुटेशन चांगलं तर दुकानात स्वस्त, वाईट तर महाग आणि पुढं शिपाई मागं लागतात. देवळात दान देऊन ते वाढवता येतं. फार चांगलं झालं की वाईट वृत्तीचे साथीदार कुरकुरतात आणि निघून जातात, फार वाईट झालं की चांगले जातात.

तलवार का तुटते

बग नाही. या प्रदेशातलं लोखंडच बिघडलंय, आणि तेच का बिघडलं हे शोधणं हाच तुमचा प्रवास आहे. जादूचं नसलेलं लोखंडी हत्यार वापरता वापरता कधीही तुटू शकतं, म्हणून प्रत्येक लढवय्याकडं एक जास्तीचं ठेवा. काठी, गदेसारखा लाकडी क्लब, गोफण, धनुष्य यांना भीती नाही. जादूचं हत्यारही तुटत नाही. कित्येक वर्षांनी पुन्हा खेळतानाही मला हे थोर वाटतं, की गावातले लोक ज्या संकटाबद्दल रडून राहिले ते तुमच्या स्वतःच्या हातात येऊन तुटतं.

नॅशकेल आणि खाण

बेरेगॉस्टहून दक्षिणेला नॅशकेल. सगळे किमान दुसऱ्या लेव्हलला असतील तर या, तिसऱ्याला असले तर उत्तमच. फायटरला दुसऱ्या लेव्हलसाठी २००० अनुभव लागतो, चोराला १२५०, क्लेरिकला १५००, जादूगाराला २५००, त्यामुळं कोण पुढं कोण मागं हे होत राहतं, गोंधळू नका.

गावात मिन्स्क भेटतो, त्याला डायनाहेरला सोडवायला पश्चिमेकडच्या नोलच्या किल्ल्यावर जायचंय. घेतलात तर ते काम फार लांबवू नका, दिवस जास्त गेले की तो चिडतो आणि प्रकरण हातघाईवर येतं. क्लेरिक हवा असेल तर गावाजवळच्या जत्रेत जा, तिथं ब्रॅनवेन दगड होऊन उभी आहे आणि तिला सोडवायचा स्क्रोल शेजारचाच माणूस विकतो. गावातल्या सराईत नेइरा नावाची बाई इनामासाठी टपलेली आहे, तीच काळजी घ्या. नूबर नावाचा एक जण सतत बडबडून डोकं खातो, त्याचं शेवटपर्यंत ऐकलं तर थोडा अनुभव देऊन जातो.

खाणीत बोगदे अरुंद. सहा जण एकमेकांत अडकतात, पुढचा थांबला की मागचा उलट्या वाटेनं भलतीकडं जातो. दोघांना पुढं, बाकीच्यांना मागं, आणि थोडं थोडं चालवा, लांबवर क्लिक करू नका. इमोएनला फाइंड ट्रॅप्सवर ठेवून सगळ्यात पुढं, पण कोबोल्ड दिसले की मागं. खालच्या मजल्यांवरचे काही कोबोल्ड आगीचे बाण मारतात, ते सगळ्यात आधी संपवायचे, आणि त्यांचे उरलेले बाण उचलून घ्यायचे, तुमच्या धनुर्धराला त्याहून चांगली भेट नाही.

तळाशी मुलाहे. हा क्लेरिक आहे, म्हणजे पुन्हा टार्नेशचाच नियम, मंत्र पूर्ण होऊ द्यायचा नाही. तो कोबोल्ड आणि सांगाडे बोलावतो, त्यांच्या नादी न लागता सगळे बाण त्याच्यावर. गुहेत शिरायच्या आधी बाहेर झोप काढून मंत्र भरून घ्या. तो पडला की त्याच्या पेटीतली पत्रं उचला आणि खरंच वाचा, पुढं कुठं जायचं ते त्यातच आहे, जर्नलमधल्या दोन ओळींवर भागवू नका.

आणि खाण संपली म्हणून तसेच जखमी अंगानं बाहेर पडू नका. बाहेर तुमची वाट बघणारे आहेत, नंतर नॅशकेलला परतल्यावरही निंबुल नावाचा एक जण समोर येतो, जादूगारही आणि तलवारवालाही. आधी झोप, मग वेगळ्या नावानं सेव्ह, इमोएनच्या भात्यात ते आगीचे बाण, आणि मगच गावात पाय टाका. तिथून पत्रात लिहिल्याप्रमाणं बेरेगॉस्टच्या फेल्डपोस्ट सराईत ट्रान्झिगला शोधायला जायचं.